देवळालीतली कॉन्टेसा

माझ्या भाच्याला मसल कार हवी होती. हिंजवडीत नोकरी, हातात बऱ्यापैकी पगार, लग्नाला अजून अवकाश. रात्री जेवण झालं की मोबाईलवर अमेरिकेतल्या जुन्या मस्टँग आणि कॅमारो बघत बसायचा. दिवाळीला नाशिकला आला तेव्हा त्याने विषय काढला. "मामा, तुम्ही आयुष्यभर गाड्यांच्या पत्र्यात काम केलंय. एक जुनी गाडी बघून द्या ना." त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणावलं, की याच्या डोक्यातून हे खूळ काढ. मी दोघांनाही हो म्हटलं.

मी अंबडच्या एका प्रेसशॉपमध्ये तपासणी विभागात होतो. सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्यामुळे नाशकात पत्रा दाबणारे, वेल्डिंग करणारे, रबर ओतणारे छोटेमोठे कारखाने उभे राहिले, त्यातलाच आमचा. दरवाजाची आतली बाजू, फ्लोरचा तुकडा, ब्रॅकेट असं कायकाय आमच्याकडे व्हायचं. गाडी चालवण्यात मला फारशी गती नाही, इंजिनातलंही बेताचंच कळतं. पत्र्याला कुठे हात लागलाय आणि कुठे नाही, एवढं मात्र बोटांना कळतं. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे लोक जुनी गाडी घ्यायच्या आधी मला बरोबर नेतात. चहा मिळतो, मान मिळतो आणि दुसऱ्याच्या पैशाने गाड्या बघायला मिळतात.

मसल कार म्हणजे काय, हे भाच्याने मला नीट समजावलं. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठं व्ही-८ इंजिन बसवायचं आणि तरुण पोरांना परवडेल अशा किमतीत विकायची, ही अमेरिकन कल्पना. १९६४ची पाँटिअॅक जीटीओ हे तिचं ठळक उदाहरण. मग विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम आले, १९७३मध्ये तेलाचं संकट आलं आणि तो खेळ आटोपला. तसली जुनी गाडी तिकडून आणायची म्हटलं तर कर धरून किंमत दुपटीच्या पुढे जाते. तेव्हा मस्टँगचा विषय फराळाबरोबरच संपला. राहिली कॉन्टेसा. आपल्याकडे तिलाच लोक मसल कार म्हणतात, आणि लांबलचक बॉनेट, रुंद छाती, मागच्या चाकांना जोर, हे बघितलं तर त्यांचं अगदीच चुकत नाही.

हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी १९८४मध्ये बंगालातल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून आणली. मूळ आराखडा इंग्लंडच्या वॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या व्हिक्टरचा. डाय तिकडून आणले आणि इंजिन मात्र घातलं आपल्या अॅम्बॅसडरचं, १४८९ सीसीचं, पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासचं. साडेचार मीटरपेक्षा लांब गाडीला एवढंसं इंजिन म्हणजे पैलवानाच्या अंगात कारकुनाचा दम. काही वर्षांनी जपानच्या इसुझु कंपनीचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन पाच गिअरसकट आलं, तेव्हा कुठे गाडी अंगाला शोभेल अशी पळायला लागली. दोन लिटरचं इसुझु डिझेलही आलं. २००२मध्ये उत्पादन थांबलं. त्या काळी नाशकात कॉन्टेसा म्हणजे मोठा सर्जन, सातपूरचा कारखानदार, नाहीतर पिंपळगावचा द्राक्षबागायतदार. आम्ही सायकलवरून पाळीला जाताना ती बाजूने गेली की मान वळायचीच.

या सनावळीचा उपयोग पुढे सौद्यात होतो, म्हणून सांगितली. इसुझुचं हे पेट्रोल इंजिन नव्वदच्या दशकात अॅम्बॅसडरलाही बसलं, आणि अॅम्बॅसडर २०१४पर्यंत निघत होती. त्यामुळे इंजिनाचा माल आजही मिळतो. पिस्टन, रिंगा, गॅस्केट, क्लच, कोलकात्याच्या मलिक बाजारात नाहीतर दिल्लीच्या काश्मिरी गेटला फोन केला की पार्सल येतं. पण कॉन्टेसाचा पत्रा, काचा, दिवे, दरवाजाची रबरं, डॅशबोर्ड हे फक्त कॉन्टेसाचंच. ते २००२नंतर कोणी बनवलेलं नाही. जे आहे ते उभ्या गाड्यांवर आहे, नाहीतर भंगारात गेलंय. नाशकात अंबड-सातपूर लिंक रोडला मोठा भंगार बाजार होता, तिथे शोधलं तर एखादा मडगार्ड सापडून जायचा. महापालिकेने जानेवारी २०१७मध्ये मोठा बंदोबस्त लावून तो हटवला. अनधिकृत होता, हटवणं बरोबरच. पण आमच्यासारख्यांचा एक आधार गेला.

म्हणून मी भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, बॉनेट सगळ्यात शेवटी उघडायचं. आधी पत्रा, मग कागद. इंजिन बंद पडलेलं असलं तरी चालेल. त्याला ते पटलं नाही. त्याला आवाज ऐकायचा होता.

आवाज त्याला मुंबई नाक्याच्या पुढे एका जुन्या गाड्यांच्या दुकानात ऐकायला मिळाला. लालभडक रंग, बॉनेटवरून मागपर्यंत गेलेले दोन काळे पट्टे, रुंद टायर. मूळची दिल्लीची गाडी. दिल्लीत पंधरा वर्षांपुढची पेट्रोल आणि दहा वर्षांपुढची डिझेल गाडी रस्त्यावर आणायला बंदी आली, तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात उचलून इकडे आणायचा मोठाच धंदा झालाय. त्यात चांगल्याही गाड्या येतात, नाही असं नाही. आम्ही येणार हे दुकानदाराला माहीत होतं. मी बॉनेटवर हात ठेवला, तर ते गरम. जुनी गाडी बघायची तर थंडगार बघावी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या झटक्यात कशी उठते आणि उठताना कोणत्या रंगाचा धूर टाकते, यात अर्धी गोष्ट कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थांबतच नाही म्हणजे पाणी आत शिरतंय, काळा म्हणजे कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल पाजतोय. आधीच तापवून ठेवलेली गाडी यातलं काहीच बोलत नाही.

दुकानदाराने चावी फिरवली. गाडी गुरगुरली. भाच्याचा चेहरा बघून दुकानदाराने किंमत मनातल्या मनात वाढवली असणार. साडेपाच लाख म्हणाला.

माझ्या खिशात एक लोहचुंबक असतं, आमच्या फ्रिजवर द्राक्षाच्या घडाचं चित्र अडकवायचं, तेच. त्यावर पातळ कापड गुंडाळलं, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. छताला लावलं, चिकटलं. दरवाजाच्या वरच्या भागाला चिकटलं. दरवाजाच्या खालच्या चार बोटांत हात सोडला तर घसरून खाली. मागच्या चाकाच्या कमानीवर तर धरतच नव्हतं. आत पुट्टी, वर रंग. पुट्टी थोडीफार असते, तीस वर्षांच्या गाडीला कुठेतरी ठोकर लागणारच. पण चाकाच्या कमानीत आणि खालच्या पट्टीत पुट्टी म्हणजे तिथला पत्रा सडून गेलाय आणि त्याच्या जागी आकार तेवढा उभा केलाय.

मग मी दरवाजा उघडून चौकटीवरचं रबर ओढून काढलं. दुकानदाराला ते आवडलं नाही, "अंकल, रबर फाटेल" म्हणाला. रबर काढताना फाटत असेल तर तेही कळलेलं बरं. कारखान्यात दोन पत्रे जोडताना स्पॉट वेल्डिंग करतात. तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबून करंट सोडला की छोटासा गोल खळगा पडतो, आणि हे खळगे ठरावीक अंतरावर एका रांगेत असतात. रबराच्या खाली ती रांग दिसली पाहिजे. रंग कितीही वेळा मारला तरी खळगे बुजत नाहीत, फक्त जरा उथळ होतात. या गाडीच्या डाव्या चौकटीत वरच्या बाजूला खळगे होते आणि खाली गुडघ्याच्या उंचीपासून गायब. तिथे गॅस वेल्डिंगचा गुठळ्यागुठळ्यांची शिवण आणि त्यावर सीलंटचा जाड थर. म्हणजे गाडी तिथून कापून दुसरा पत्रा जोडलाय. मॅट उचलली तर खाली जीआयचा पत्रा पॉप रिवेटने ठोकलेला.

भाचा म्हणाला, "मामा, पण खाली चासी तर असेल ना मजबूत?" इथे त्याला थांबवून सांगावं लागलं. आपल्याकडच्या जुन्या जीपला खाली वेगळी लोखंडी चासी असते, वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. कॉन्टेसाला वेगळी चासी नाही. फ्लोर, खालच्या पट्ट्या, खांब, छत, हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा. पट्टी सडली की सांगाडाच कच्चा झाला. खड्ड्यातून जाताना दरवाजे आपोआप उघडायला लागतात, काच तडकते, ठोकर बसली तर काय होईल ते बोलायलाच नको. फटी मात्र फार मनावर घेऊ नये. दोन दरवाजांमधली फट वाकडी म्हणजे गाडी ठोकलेली, असं सगळीकडे सांगतात. कॉन्टेसाच्या बाबतीत ते अर्धवट खरं. कारखान्यातून निघतानाच तिच्या फटी सरळ नव्हत्या, आमच्या तपासणीत अर्ध्या गाड्या परत पाठवल्या असत्या. म्हणून डावी-उजवी बाजू ताडून बघायची. दोन्हीकडे सारखीच वाकडी असेल तर तो कंपनीचा प्रसाद. एकाच बाजूला असेल तर अपघात.

कागदाचं विचारलं तर आरसीची झेरॉक्स निघाली. दिल्लीची एनओसी "येतेय" म्हणाला. येतेय हे उत्तर मी स्वीकारत नाही. परराज्यातली गाडी म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, मग नवा नंबर. मूळ नोंदणीच रद्द झालेली असेल तर यातलं काहीच होत नाही आणि पाच लाखांचा शोपीस अंगणात उभा राहतो. आम्ही चहा घेऊन निघालो. भाचा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. बहीण खूश होती.

दुसरी गाडी निफाड तालुक्यात, एका बागायतदाराच्या पॅकिंग शेडमध्ये क्रेटांच्या थप्पीमागे होती. पत्रा बरा. दादांनी लपवाछपवी केली नाही, स्वतःच बॉनेट उघडून दाखवलं. आत जीपचं डिझेल इंजिन. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांच्या वडिलांनी तेव्हाच बसवून घेतलं होतं, त्या काळी सर्रास चालायचं. आरसीवर मात्र अजूनही पेट्रोल. असली गाडी नावावर होताना अडते, पासिंगला अडते, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. कंपनीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये पुन्हा बजावलंय. मूळ इंजिन कुठे आहे विचारलं, तर ते पूर्वीच कोणी नेलेलं. दादांनी निघताना थॉमसन द्राक्षांची पेटी गाडीत टाकली, पैसे घेतले नाहीत.

मग देवळाली.

देवळाली कॅम्पात जुने बंगले, सॅनेटोरियमं, लाल कौलं, मोठमोठी झाडं. बऱ्याच बंगल्यांच्या मागे लाकडी दारांची गॅरेजं आहेत आणि त्यांत काय काय झाकून ठेवलंय ते मालकांनाही आठवत नसेल. ही गाडी मला औषधाच्या दुकानात कळली. एका डॉक्टरांची. डॉक्टर २०१३मध्ये गेले, मुलगी परदेशात, काकू एकट्या. गॅरेज पाडून तिथे काळजीवाहू बाईसाठी खोली बांधायची होती, म्हणून गाडी काढायची होती. भंगारवाला येऊन गेला होता. त्याने वजनावर ३० हजार सांगितले होते.

दार उघडलं तेव्हा पहिला वास आला तो आंबलेल्या पेट्रोलचा, व्हार्निशसारखा. टाकीत वर्षानुवर्षं पडलेलं पेट्रोल तसंच वास मारतं. पांढरी गाडी, धुळीने राखाडी झालेली, चारी टायर बसलेले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे ३२०८ होते, म्हणजे २००८चा बत्तिसावा आठवडा. डॉक्टर गेले २०१३मध्ये आणि टायरची नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक; म्हणजे शेवटची वर्षं गाडी कॅम्पातल्या कॅम्पात फिरली असणार. काकूंना विचारलं. म्हणाल्या, "दवाखाना आणि रविवारी भगूर. मला घाट नको वाटायचा, म्हणून मुंबईला ट्रेनने जायचो."

त्या दिवशी मी वेळ घेतला. रबर ओढलं, खाली खळग्यांची रांग वरपासून खालपर्यंत, चारी दरवाजांना. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालच्या खोलगट जागेत हात फिरवला. तिथे पाणी साचून गाड्या सडतात. गंज होता, वरवरचा, नखाने खरवडला तर खाली पत्रा चकाकला. बॅटरीच्या ट्रेखाली मात्र आम्लाने खाल्लेलं, रुपयाएवढं भोक. पुढच्या मडगार्डच्या आत, चाकामागे चिखल अडकतो त्या कोपऱ्यात, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द आवाज काढतो. उजवीकडे एक वीतभर जागा भद्द वाजली. मॅटखालचं नमद्यासारखं अस्तर कोरडं होतं. समुद्राकाठची गाडी असती तर इतकी वर्षं बंद राहून तिचा भुगा झाला असता. देवळालीच्या हवेने ती राखली. भाचा एव्हाना माझ्यामागे मोबाईलचा दिवा धरून उभा होता आणि पहिल्यांदाच प्रश्न विचारत होता.

आणि गाडी पूर्ण होती. याला मी सगळ्यात जास्त मोल देतो. चारी काचा कंपनीच्या छापाच्या. आतल्या दरवाजांची हँडलं, घड्याळ, सिगारेट लायटर, मागच्या सीटची आर्मरेस्ट, डिकीतला जॅक, सगळं जागेवर. चाकाच्या टोप्या गॅरेजच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या. डॉक्टर तसे होते म्हणे. एक डावा मागचा दिवा तेवढा फुटलेला, त्याला लाल चिकटपट्टी लावलेली.

मग बॉनेट. इंजिन इसुझुचं १८१७ सीसीचं, कधीच न काढलेलं. नंबर आरसीशी जुळला. गाडीवर ठोकलेला चासी नंबर रॉकेलच्या बोळ्याने पुसून, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि छाप घेतला. आरटीओतही असाच छाप लागतो, म्हणून तो घरूनच घेऊन ठेवलेला बरा. दुसऱ्या खेपेला वडाळा नाक्याजवळचे आमचे मिस्त्री, त्यांना सगळे चाचाच म्हणतात, बरोबर आले. एवढी वर्षं बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारायचा नसतो. चाचांनी प्लग काढले, चारी भोकांत थोडं थोडं ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हळूच दाब दिला. आधी काहीच नाही. मग चरचर करत पाव फेरा, अर्धा फेरा, आणि एकदम सैल. "जाम नाही," चाचा म्हणाले. "रिंगा जातील, बोअर बघावा लागेल. ब्लॉक वाचला. इंजिनाचं टेन्शन घेऊ नका." ब्लॉक वाचणं महत्त्वाचं, कारण इंजिन नंबर त्या ब्लॉकवर असतो. आतलं सगळं बदललं तरी कागद तोच राहतो.

किमतीवर काकू म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. मला यातलं काही कळत नाही." यापेक्षा त्यांनी चार लाख सांगितले असते तर सोपं झालं असतं. मी वहीचं पान फाडलं आणि त्यांच्यासमोर मांडलं. आमच्या बघण्यात चालती, स्वच्छ कागदांची कॉन्टेसा पाच लाखांच्या आसपास जात होती. इंजिनाचं काम, ब्रेकचे सगळे सिलिंडर, टाकी काढून साफ करणं, टायर, बॅटरी, पत्र्याचं थोडं काम, कागदांचा खर्च, असं धरून अडीच लाख. अडचणीला म्हणून थोडे बाजूला. उरले सव्वादोन. भाच्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या मते एक लाखातही मिळाली असती. मिळाली असती. काकूंनी चष्मा लावून हिशेब वाचला, टायरचे चौदा हजार कमी धरलेत का म्हणून विचारलं, आणि दोन लाख द्या म्हणाल्या. त्याच दिवशी इसार दिला आणि साध्या कागदावर लिहून घेतलं.

पावसाळा कागदांत गेला. आरसी डॉक्टरांच्या नावावर, म्हणून आधी फॉर्म ३१ भरून गाडी काकूंच्या नावावर. त्याला मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मुलीची संमती. मग मुदत संपलेल्या नोंदणीचं नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून वाढवून घ्यायची. एप्रिल २०२२मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीला ती फी ६०० रुपयांवरून ५००० झाली; उशिराचं शुल्क महिन्यामागे वाढतं ते वेगळंच, आणि त्यावर राज्याचा पर्यावरण कर. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर भाच्याच्या नावावर. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती नवी सुरक्षा नंबरप्लेटही लावावी लागते. भाच्याला वाटत होतं व्हिंटेजमध्ये घातली की यातून सुटका. २०२१च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी. देशातली पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४च्या आधी तिथे पोचत नाही. शिवाय व्हिंटेज गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीलाच काढायची. मग घेऊन करायचं काय?

हे सगळं होईस्तोवर चाचांनी इंजिन बांधून घेतलं. कार्ब्युरेटरचं किट आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या टाकल्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही, नळ्या चिरतात. बॅटरीखालचा पत्रा मी स्वतः कापून बसवला. मडगार्डचा तो भद्द वाजणारा कोपराही. रंग पूर्ण मारायचा नाही यावर मी अडून बसलो. पॉलिश केल्यावर जुना पांढरा रंग नव्वद टक्के निघाला, तो तसाच ठेवला. पुढे कधी कोणी विकत घ्यायला आला तर त्याच्या चुंबकाला तो बोलेल.

आरटीओला पेठ रोडवर गाडी दाखवायला नेली तो तिचा पहिला मोठा प्रवास. सिंहस्थाच्या कामांमुळे निम्मे रस्ते उकरलेले. ब्रेक धरत होते, दरवाजे मिटलेले राहिले, पाण्याचा काटा अर्ध्यावर थांबला. पाचव्या गिअरमध्ये गाडी लांब श्वास टाकत जाते. मस्टँग नव्हेच ती. उड्डाणपुलावर मागून एक नवी छोटी हॅचबॅक सहज पुढे निघून गेली, पण जाताना तिच्या चालकाने काच खाली करून अंगठा दाखवला, तेव्हा भाचा माझ्याकडे बघून जे हसला, ते त्याच्या आईने बघायला हवं होतं. एका लिटरला आठ किलोमीटर देते. बहिणीला आम्ही बारा सांगितलंय.

एकूण खर्च पावणेपाच लाखांच्या घरात गेला. विकायला काढली तर तेवढेच येतील, कदाचित थोडे कमी. डाव्या मागच्या दिव्याची काच अजून मिळालेली नाही. मलिक बाजारातल्या एका दुकानदाराने आहे म्हणून कळवलं, पैसे पाठवले, पार्सल उघडलं तर उजव्या बाजूची निघाली. तीही ठेवून घेतली.